वाक्यातील कर्ता कोठे गेला?

शाळेतील व्याकरण संपल्यानंतर पुढे कोणते ग्रंथ वाचावेत, म्हणजे आपले लेखन सुधारेल, असा प्रश्न ग्रामीण भागातील तरुण कार्यकर्ते अलीकडे वारंवार विचारू लागले आहेत. प्रश्न स्वागतार्ह आहे. परंतु त्याला जी दोन उत्तरे हमखास मिळतात, ती दोन्ही चळवळीचे नुकसान करणारी आहेत. पहिले उत्तर असे, की शुद्धलेखनाची चांगली पुस्तिका घ्यावी, ऱ्हस्व-दीर्घ पक्के करावे, बाकी सर्व आपोआप येते. दुसरे उत्तर याच्या अगदी उलट आणि दिसायला क्रांतिकारक. व्याकरण हे उच्चवर्णीयांनी बहुजनांना गप्प बसविण्यासाठी उभारलेले कुंपण आहे, आपण ते ओलांडावे, मनात येईल तसे लिहावे. एक उत्तर कार्यकर्त्याला कारकून करते, दुसरे त्याला निःशस्त्र करते. आमचे म्हणणे असे, की प्रगत व्याकरणाचा ग्रंथ निवडताना एकच कसोटी लावावी. वाक्यात कर्ता कोण आहे, तो कोठे आहे आणि नसला तर त्याला कोणी हाकलले, हे तो ग्रंथ शिकवितो काय?

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवू. जामखेड तालुक्यातील खर्डा. नकाशावर बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेला लागून, पर्जन्यछायेतील मुलूख, दरवर्षी कोयता घेऊन साखरपट्ट्यात जाणारी माणसे. इतिहासाच्या पुस्तकात या गावाला एक ओळ मिळते: ११ मार्च १७९५ रोजी येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. योगायोग असा, की 'खर्डा' या शब्दाचा मराठीतील दुसरा अर्थ कच्चा मसुदा असा आहे, आणि 'खर्डेघाशी' म्हणजे निर्जीव कारकुनी लिखाण. (मिरचीचा खर्डा तिसरा, त्याचाही उपयोग लेखनात होतो, पण तो विषय वेगळा.) खर्ड्याच्या लढाईवर बखर लिहिली गेली, छावण्यांतून पत्रे गेली. त्या गद्यात कोण कोठे उतरला, कोणी कोणास काय सांगून पाठविले, याबद्दल वाचकाला संशय राहत नाही. ते लिहिणाऱ्यांपुढे मराठीचे एकही छापील व्याकरण नव्हते. विल्यम कॅरीने मराठीचे छापील व्याकरण श्रीरामपुरास, म्हणजे बंगालमधील सेरामपूरला, १८०५ साली काढले आणि ते इंग्रजीत होते. म्हणजे त्या छापील मराठी व्याकरणाचा वाचक हा मराठी माणूस नव्हता. तो कंपनी सरकारच्या सेवेतला गोरा तरुण होता. आज स्पर्धा परीक्षेच्या निमित्ताने व्याकरण पाठ करणाऱ्या मुलामुलींकडे पाहिले, की व्याकरण आणि सरकारी नोकरी यांचा हा संबंध किती जुना आहे ते ध्यानात येते.

आता कुंपणाच्या युक्तिवादाकडे वळू, कारण तो आपल्याच बाजूचे लोक करतात. त्याला आधार नाही असे नव्हे. जोतीराव फुल्यांच्या लेखनावर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जी टीका केली, तिच्यात विचारांना उत्तर देण्यापेक्षा व्याकरणाच्या चुकांची टवाळी अधिक होती. 'गुलामगिरी' १८७३ सालची. पेशवाईच्या अखेरीनंतर अर्धशतक उलटून गेले होते, एक माळी समाजातला माणूस समग्र इतिहास उलटा करून वाचत होता, आणि त्याला मिळालेला जबाब होता, तुमची विभक्ती चुकली! हे विसरावे असे आम्ही म्हणणार नाही. पुढे १८८५ साली ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुल्यांनी नाकारले, त्यामागचा बाणा आम्हांला आपला वाटतो.

पण या एका प्रसंगावरून व्याकरणच शत्रूच्या गोटातले ठरविणे हा आळस आहे. मराठीत मराठीचे व्याकरण लिहून १८३६ साली छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेच्या संस्थापकांपैकी होते. 'मराठी लेखन मार्गदर्शिका' लिहिणाऱ्या यास्मिन शेख ज्यू कुटुंबात जन्मल्या, मुसलमान कुटुंबात त्यांचा विवाह झाला, आणि मराठीचे लेखननियम त्यांच्याकडून शिकलेल्यांत सर्व जातींचे लोक आहेत. व्याकरण कोणाच्या मालकीचे नाही. ते ज्याने सोडले त्याच्याविरुद्ध वापरले जाते, एवढेच.

आणि फुल्यांचे गद्य नीट वाचले, तर चिपळूणकरांना काय बोचले असावे, याचा अंदाज येतो. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात कुळकर्णी काय करतो, भट काय करतो, गोरा अधिकारी काय करत नाही, हे सर्व कर्ते आपापल्या क्रियापदांसह हजर आहेत. वाक्ये लांब असतील, चिन्हे कमी असतील. पण दोषी कोण, हे शोधत बसावे लागत नाही. नगर जिल्ह्याशी ज्याचे नाते आहे ते 'ज्ञानोदय' पत्र १८४२ साली नगरातून सुरू झाले. त्याच पत्रात १८५५ साली मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मातंग विद्यार्थिनीचा निबंध छापला गेला. पुढे याच नगरात वावरलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी आली. लक्ष्मीबाईंचे शाळेतले शिक्षण नव्हते. त्या घरी लिहावाचायला शिकल्या. अकोले तालुक्यातील दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. या तिघांपैकी कोणीही शुद्धलेखनाची पुस्तिका पाठ करून लेखक झालेला नाही. पण यांपैकी एकाच्याही लेखनात माणूस वाक्यातून नाहीसा झालेला दिसत नाही.

नाहीसा कोठे होतो? तो कचेरीत नाहीसा होतो. 'पंचनामा करण्यात आला.' 'नोंद घेण्यात आली आहे.' 'सदर प्रकरणी उचित कार्यवाही करण्यात येईल.' कोणी पंचनामा केला? कोण कार्यवाही करणार? वाक्य पूर्ण आहे, ऱ्हस्व-दीर्घ निर्दोष आहे, शुद्धलेखनाच्या कोणत्याही पुस्तिकेने त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. आणि तरीही वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

येथे थोडे व्याकरण सांगितलेच पाहिजे, कारण इंग्रजी शैलीग्रंथ वाचून आलेले काही मित्र या ठिकाणी फसतात. जॉर्ज ऑर्वेल हा समाजवादी लेखक. त्याच्या १९४६ सालच्या राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरील निबंधाचा दाखला आपल्याकडे नेहमी दिला जातो. ब्रिटिश सरकारी नोकरांसाठी अर्नेस्ट गॉवर्सने लिहिलेले 'प्लेन वर्ड्स' १९४८ चे. दोघांचाही रोख धूसर सरकारी गद्यावर आहे आणि तो वंदनीय आहे. त्यांतून एक नियम उचलून मराठीत सांगितला जातो: कर्मणी प्रयोग टाळा, कर्तरी लिहा. हा नियम इंग्रजीत शहाणपणाचा असेल; मराठीत तो जसाच्या तसा अज्ञानाचा आहे. 'तलाठ्याने पंचनामा केला' हा मराठीतील अस्सल कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद 'पंचनामा' या कर्माप्रमाणे चालते. पण कर्ता कोठे आहे पाहा! वाक्याच्या तोंडाशी, 'ने' हा प्रत्यय छातीवर बिल्ल्यासारखा लावून उभा आहे. आपली भाषा भूतकाळातील सकर्मक कृत्य सांगताना कर्त्याला असे पुढे आणून उभे करते. ही मराठीची प्रकृती आहे.

ही प्रकृती बिघडविणारी रचना वेगळी. 'तलाठ्याकडून पंचनामा केला गेला' हे वाक्य पाहावे. याला शालेय व्याकरणे नवीन कर्मणी म्हणतात आणि ती इंग्रजी वळणाची असल्याचे सांगतात. 'ने' जाऊन 'कडून' आला, की कर्ता वाक्यात पाहुणा होतो. पाहुण्याला निरोप देणे सोपे. पुढची पायरी 'पंचनामा करण्यात आला'. येथे कर्त्याला जागाच उरली नाही. तेव्हा कार्यकर्त्याने टाळावयाचे ते कर्मणी नव्हे, 'करण्यात आले' हे टाळावयाचे. जो ग्रंथ हा भेद समजावून देत नाही, तो कितीही आकर्षक वेष्टनात आला तरी आपल्या उपयोगाचा नाही.

आणि कर्ता घालविण्याचे काम केवळ कर्मणीच करते असेही नाही. 'घटना घडली' हे वाक्य कर्तरी आहे! त्यात घटना हीच कर्ता. २८ एप्रिल २०१४ रोजी याच खर्ड्यात सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. महाराष्ट्र हादरला, मोर्चे निघाले, नेते येऊन गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले; साक्षीदार एकामागून एक फिरले होते. साक्षीदार फिरले ते व्याकरणाच्या अभावी नव्हे, हे आम्हांला कळते. गावातील सत्तासंबंध, भीती, पोटाची अडचण यांची ती गोष्ट आहे आणि कोणताही शैलीग्रंथ त्यावर उपाय नाही. पण या साऱ्या काळात जे लिहिले गेले, त्यात 'दुर्दैवी घटना घडली', 'गावात तणाव निर्माण झाला', 'समाजमन सुन्न झाले' अशी वाक्ये किती होती, ते आठवून पाहावे. दुर्दैव काय करते? तणाव कोण निर्माण करतो? आज अधिकृत कागदाप्रमाणे त्या मृत्यूला कर्ताच नाही. निदान आपल्या पत्रकांनी तरी त्या कागदाची भाषा बोलू नये. 'ही घटना घडली' असे न लिहिता 'एका मुलाला मारण्यात आले, आणि कोणी मारले हे राज्य सिद्ध करू शकले नाही' असे लिहावे. चाणाक्ष वाचक म्हणेल, या वाक्यातही 'मारण्यात आले' आहेच. आहे, कारण कायद्याने जे सिद्ध नाही ते आपण लिहू शकत नाही. पण दुसऱ्या अर्ध्यात 'राज्य' हा कर्ता उभा आहे आणि तो उभा करणे आपल्या हातात आहे. रचना केव्हा लाचारीने वापरावी लागते आणि केव्हा लबाडीने वापरली जाते, हे ओळखणे म्हणजेच प्रगत व्याकरण.

रोजच्या कामात याहून लहान गोष्टी असतात आणि त्यांतच जास्त हानी होते. कामाची मागणी करणारा अर्ज घ्या. १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी कायद्याने काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम आणि ते न दिल्यास बेकारी भत्ता, असा हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही मागणीच्या तारखेपासूनच पंधरा दिवस मोजले. म्हणजे सर्व काही मागणीच्या वाक्यावर आणि तारखेवर अवलंबून होते. आणि अर्ज काय म्हणत असे? 'आम्हां गोरगरिबांना काम मिळावे ही नम्र विनंती.' मिळावे! पाऊस मिळावा, तसे काम मिळावे. देणारा कोण, किती जणांना, कोणत्या तारखेपासून, यांपैकी काही नाही. 'तहसीलदारांनी पुढील चाळीस मजुरांना अमुक तारखेपासून काम द्यावे' असे लिहिले, की 'मिळणे' या अकर्मक क्रियेच्या जागी 'देणे' येते आणि त्यासरशी देणारा हजर होतो. तीच गोष्ट माहिती अधिकाराची. २००५ च्या या कायद्याखाली तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण 'टँकर का आला नाही?' असे विचारले, तर कारणमीमांसा म्हणजे माहिती नव्हे, असे सांगून अधिकारी मोकळा होतो. 'अमुक महिन्यातील टँकरच्या फेऱ्यांच्या नोंदवहीची प्रत द्यावी' या वाक्यातून त्याला तसे निसटता येत नाही. मोबाइलवर फिरणारे अर्जांचे तयार नमुने जसेच्या तसे उतरविणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

उलट, उचलीचा कागद पाहावा. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याकडून मुकादम जो कागद अंगठ्यासह लिहून घेतो, त्यात बहुधा सारे काही प्रथम पुरुषी, कर्त्यासह, स्वच्छ असते: मी अमुक रक्कम घेतली, मी अमुक तारखेस कामावर येईन, न आल्यास मी ती परत करीन. मजुराचे देणे असले, की मराठीला कर्ता सापडतो. मजुराचे घेणे असले, की 'हिशेब नंतर करण्यात येईल'. भाषेला ही विद्या आपोआप येत नाही. ती कोणीतरी तिला शिकविलेली असते.

ऱ्हस्व-दीर्घाला आम्ही कमी लेखतो असा समज होऊ नये. मराठी साहित्य महामंडळाने केलेले चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. एकूण अठरा नियम. त्यांनी 'केलें', 'गेलें', 'घरें' यांवरील न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, हे सामान्य लेखकावरील मोठे ओझे उतरले. उरलेल्यांबद्दल वाद आहेत. एकटा लिहिताना 'कवी' दीर्घ आणि 'कविवर्य' मात्र ऱ्हस्व, हे संस्कृत न शिकलेल्या मुलाने कोणत्या न्यायाने ओळखावे, हा प्रश्न रास्त आहे. पण हे अठरा नियम चार संध्याकाळींचे काम आहे. त्यासाठी यास्मिन शेख यांची मार्गदर्शिका घ्यावी, जोडीला अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' कचेरीत ठेवावा, आणि अडले की पाहावे. पत्रक छापण्यापूर्वी कोशात डोकावणे यात कमीपणा नाही; परंतु आयुष्यभर त्याच दारात उभे राहणे हा वेळेचा अपव्यय होय.

खरा प्रगत ग्रंथ एकच, आणि तो जुना आहे: मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण', १९११. दामले हे केशवसुतांचे बंधू. ग्रंथ जाडजूड, भाषा शंभर वर्षांपूर्वीची, अनुस्वारांनी भरलेली. तरीही आम्ही तो सुचवितो, कारण दामले हुकूम सोडत नाहीत. दादोबांचे मत काय, कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे काय, त्यांत खोट कोठे आहे, आपल्याला काय वाटते आणि का वाटते, असे ते एकेक प्रश्न मांडून भांडत जातात. सर्व ग्रंथ वाचण्याची गरज नाही. प्रयोगांची चर्चा आणि वाक्यविचार एवढे दोन भाग तिघाचौघांनी मिळून वाचले, तरी एका उन्हाळ्याची शिदोरी होते. ज्यांना पुढे अभ्यासवर्ग घ्यावयाचे आहेत, त्यांनी कृ. श्री. अर्जुनवाडकर यांचे 'मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद' वाचावे, संस्कृत आणि इंग्रजीचे साचे मराठीवर बसविताना काय गोंधळ झाले, ते त्यात कळते. मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' परीक्षेच्या निमित्ताने घरोघर असतेच. ते टाकून देऊ नये. फक्त त्यातील प्रश्नांची उत्तरे पाठ करण्याऐवजी उदाहरणांच्या जागी आपल्या ग्रामसभेच्या इतिवृत्तातील वाक्ये घालून पाहावीत. शब्दांसाठी दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि त्रिं. ना. आत्रे यांचा १९१५ चा 'गावगाडा'. दुसऱ्यातील मतांशी आमचे मतभेद आहेत, पण गावातील प्रत्येक कामाला आणि प्रत्येक हक्काला मराठीत नाव होते, हे तो ग्रंथ दाखवितो. ज्याला नाव नसते त्याची मागणी करता येत नाही.

शैलीच्या नावाखाली विकली जाणारी, सुविचारांनी आणि अलंकारांनी नटलेली भाषणसंग्रहाची पुस्तके मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नयेत. ठरावांच्या भाषेतील सूज ती वाढवितात. 'अंतर्विरोध तीव्र होत असून त्यांतून संघर्षाची अपरिहार्यता अधोरेखित होते' हे वाक्य वाचून खर्ड्याच्या आठवडे बाजारात एकही माणूस थांबणार नाही. आणि त्यात दोष त्या माणसाचा नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सोहळे झाले, फलक लागले. दामल्यांच्या १९११ च्या ग्रंथावर आज कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. राज्य शासनाने तो सुवाच्य अक्षरात, आजच्या लेखनपद्धतीने, टिपांसह छापून १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालील प्रत्येक मान्यताप्राप्त वाचनालयाला पाठवावा, अगदी 'ड' वर्गाच्या वाचनालयालाही. तोपर्यंत कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या वाचनालयाच्या पुढील खरेदीसाठी वरील ग्रंथांची मागणी लेखी द्यावी. मागणीचा खर्डा आधी करावा, तो चौघांत मोठ्याने वाचावा, आणि त्यात 'सदर ग्रंथ उपलब्ध व्हावेत' असे कोणी लिहिले असेल, तर ते खोडून 'वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने हे ग्रंथ येत्या तीन महिन्यांत विकत घ्यावेत' असे लिहावे, खाली तारीख घालावी आणि पोच घ्यावी.